टर्मिनल आणि शेल स्क्रिप्ट शिकताना: उद्यमनगरातल्या क्यूसी टेबलावरून

क्यूसी_उद्यमनगर · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघते. आधी चार वर्षं सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर होते, मग टेबलावर आले. रोज साठ-सत्तर कास्टिंगचे फोटो निघतात, मोजमापाचे रिपोर्ट निघतात. प्रत्येक फोटोच्या नावाआधी हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या ज्या ओतीतून तो जॉब आला तिचा नंबर, लावावा लागतो. दोन वर्षं हे मी माउसने केलं. फाइल धरायची, एफ-टू दाबायचं, नाव लिहायचं, पुढची फाइल. संध्याकाळचा पाऊण तास त्यातच जायचा आणि शेवटच्या दहा फोटोंत एखादा नंबर चुकायचाच.

गेल्या चार महिन्यांत मी टर्मिनल, म्हणजे माउसऐवजी हुकूम (कमांड) टाइप करून कॉम्प्युटर चालवायची खिडकी, वापरायला शिकले. कुठलाही क्लास लावला नाही. आता तेच काम एका ओळीत होतं. शिकताना मला जे मराठीत कुठे सापडलं नाही ते इथे लिहून ठेवावं, म्हणून हा धागा.

लिहिण्याची पद्धत आधी सांगते. कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, कारण आपण एकमेकांना सांगताना तशीच सांगतो. टर्मिनलमध्ये मात्र ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीच टाइप करायचे. 'एलएस' म्हटलं की एल आणि एस ही दोन अक्षरं.

पहिली गोष्ट. आपल्या गावात हजारो पोरं सीएनसीवर काम करतात, आणि त्यांतल्या कित्येकांना वाटतं की कमांड लाइन हे इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांचं काम. अहो, तुम्ही रोज तेच करता! जी-कोडचा प्रोग्राम म्हणजे काय? एका ओळीत एक हुकूम, मशीन तो जसाच्या तसा पाळणार. दशांश चिन्ह विसरलं तर मशीन विचारत बसत नाही, टूल जाऊन जॉबवर आदळतं. शेलही तसंच. शेल म्हणजे तुम्ही टाइप केलेली ओळ वाचून ती कामाला लावणारा प्रोग्राम. स्क्रिप्ट म्हणजे अशा ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या. आणि आपण नवीन प्रोग्राम थेट जॉबवर चालवतो का? नाही. सिंगल ब्लॉक लावतो (एकेक ओळ थांबत चालवायची), ड्राय रन घेतो, टूल हवेत फिरताना बघतो. टर्मिनलवर पण हेच करायचं. कसं ते पुढे लिहीन.

पहिले आठ दिवस मी फक्त बघायच्या कमांड वापरल्या. पीडब्ल्यूडी: मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहे. एलएस: इथे काय काय आहे. एलएस -एलएच: तेच, पण आकारमान आणि तारखेसकट. सीडी: दुसऱ्या फोल्डरमध्ये जा. लेस: फाइल उघडून वाच, क्यू दाबून बाहेर ये. यांतल्या एकीनेही काही पुसलं जात नाही, बदलत नाही. त्यामुळे मनातली भीती गेली.

तीन बटणंही त्याच आठवड्यात हाताला लावून घ्या. टॅब दाबलं की अर्धवट लिहिलेलं फाइलचं नाव पुरं होतं. वरचा बाण दाबला की मागची कमांड परत येते. कंट्रोल-सी दाबलं की चाललेलं काम थांबतं. टॅबने फक्त टायपिंग वाचतं असं समजू नका. टॅबने नाव पुरं झालं नाही तर ती फाइल तिथे नाहीच, किंवा स्पेलिंग चुकलंय, हे एंटर मारायच्या आधीच कळतं.

बाकीच्यांनी आपापलं लिहा. अडलं तर विचारा.

---

गारगोटी_बीएस्सी · रविवार, रात्री १०.०२

ताई, लई भारी धागा काढला. मी दुसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका आहेत. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाईल आहे. त्यावर शिकता येईल का? आणि माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, इंग्रजी कच्चं आहे. एरर आली की पानभर इंग्रजी येतं आणि मी खिडकीच बंद करतो.

---

मूळचा_फुलेवाडीचा · रविवार, रात्री १०.४५

मी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो, गाव कोल्हापूर. भावा, मोबाईलवर नक्की होतं. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं अॅप आहे, ते एफ-ड्रॉइड या अॅपच्या साइटवरून घे. उघडल्याबरोबर खरा शेल मिळतो. फोनमधल्या फोटोंपर्यंत पोचायचं असेल तर एकदा 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' ही कमांड चालवून परवानगी दे. एक लक्षात ठेव, फोनच्या त्या सामाईक जागेत ठेवलेली स्क्रिप्ट थेट नावाने चालत नाही, 'बॅश' (हे एका शेलचंच नाव) लिहून पुढे फाइलचं नाव द्यायचं.

विंडोजवाल्यांसाठी: विंडोज १० किंवा ११ असेल तर पॉवरशेल 'अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' करून उघडा आणि 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' लिहा. मशीन एकदा बंद-चालू केलं की विंडोजच्या आतच उबुंटू लिनक्स मिळतं. तुमचा सी ड्राइव्ह तिथे /एमएनटी/सी या पत्त्यावर दिसतो. मशीन जुनं असेल, रॅम कमी असेल, तर गिट बॅश टाका, हलकं आहे. मॅकवाल्यांना काहीच टाकावं लागत नाही, टर्मिनल आत असतंच. फक्त २०१९ पासून त्यात बॅशऐवजी झेडशेल येतो, नवशिक्याला फरक जवळजवळ जाणवत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांना घाबरवणारी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. सूडो (म्हणजे मशीनच्या मालकाच्या हक्काने चालव) लावलेली कमांड पासवर्ड मागते. तुम्ही टाइप करता आणि बहुतेक ठिकाणी पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. तो तसाच आहे, मुकाट टाइप करा आणि एंटर मारा.

आता इंग्रजीचं. खिडकी बंद करू नकोस, शेवटची ओळ वाच. नव्वद टक्के वेळा चारच वाक्यं फिरून फिरून येतात. 'कमांड नॉट फाउंड': कमांडचं नाव चुकलं, किंवा ती टाकलेलीच नाही. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी': पत्ता चुकला. 'परमिशन डिनाइड': तुला तो हक्क नाही. 'इज अ डिरेक्टरी': फाइलच्या जागी तू फोल्डर दिलास. ही चार ओळखीची झाली की बरीच वाट सोपी होते. मी ज्या पोरांना शिकवलं त्यांतली इंग्रजी चांगलं असलेली पोरं एरर न वाचताच मला हाक मारायची, आणि मराठी माध्यमातली एक मुलगी प्रत्येक एरर वहीत उतरवायची. दोन महिन्यांत तीच बाकीच्यांना सांगू लागली.

---

राजारामपुरी_८वी_गल्ली · सोमवार, सकाळी ७.३०

पत्ता चुकतो म्हणजे काय, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. आमच्या गल्लीने समजलं. कुरिअरवाल्याला सांगताना 'कोल्हापूर, राजारामपुरी, आठवी गल्ली, अमुक नंबर' असं वरपासून सांगतो. तो माणूस कुठेही उभा असू दे, पोचतो. शेजाऱ्याला मात्र 'मागच्या गल्लीत, कोपऱ्यावर' म्हटलं की पुरतं, कारण तो इथेच उभा आहे. टर्मिनलमध्ये / ने सुरू होणारा पत्ता पहिल्या जातीचा. बाकी सगळे तुम्ही उभे आहात तिथून मोजायचे. दोन टिंबं .. म्हणजे एक पायरी वर, एक टिंब म्हणजे इथेच, आणि ~ म्हणजे माझं घर. 'नो सच फाइल' आलं की मी आधी पीडब्ल्यूडी मारते. बहुतेक वेळा पत्ता बरोबर असतो, मीच भलत्या गल्लीत उभी असते.

---

लक्ष्मीपुरी_प्रिंट · सोमवार, दुपारी १.१५

ताईंनी बघायच्या कमांडपासून सुरुवात करा म्हटलं, त्याला माझा जोरदार पाठिंबा, आणि त्याचं कारण मला महागात पडून कळलंय. माझा छपाईचा व्यवसाय आहे. गिऱ्हाइकांच्या डिझाइनच्या फोल्डरमधल्या जुन्या .बीएके फाइली पुसायच्या होत्या. लिहायचं होतं

आरएम *.बीएके

आणि हातून लिहिलं गेलं

आरएम * .बीएके

ताऱ्यानंतर एक मोकळी जागा. शेलने त्याचे दोन भाग केले. पहिला भाग नुसता तारा, म्हणजे इथली प्रत्येक फाइल. त्या फोल्डरमध्ये तीन लग्नपत्रिका आणि एका संस्थेचा वार्षिक अहवाल होता, सगळं गेलं. आरएमने पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. तो अहवाल मी आणि माझ्या पुतण्याने दोन रात्री जागून परत जुळवला.

तेव्हापासून नियम केलाय. आरएम लिहायच्या आधी त्याच ताऱ्यासकट एलएस मारायचं. यादी नीट वाचायची. मग वरचा बाण दाबून फक्त एलएसच्या जागी आरएम करायचं. तारा परत हाताने टाइप करायचा नाही. आणि आरएम -आय वापरलं तर प्रत्येक फाइलला विचारून पुसतो.

---

क्यूसी_उद्यमनगर · सोमवार, रात्री ९.२०

लक्ष्मीपुरीवाल्या दादांनी सांगितलं तोच आपला ड्राय रन. तारा कोण उलगडतं ते इथे समजून घेण्यासारखं आहे. मला आधी वाटायचं की आरएमला ताऱ्याचा अर्थ कळतो. तसं नाही. शेल आधी ताऱ्याच्या जागी खरी नावं घालतो आणि मगच आरएमला हाक मारतो. आरएमला तारा कधी दिसतच नाही. म्हणून एलएसला जी यादी दिसली तीच आरएमला मिळणार, याची खात्री बाळगता येते.

आता माझी हीट नंबरची ओळ. समजा हीट ४१७ आहे.

फॉर एफ इन *.जेपीजी
डू
एको एमव्ही -एन "$एफ" "एच४१७_$एफ"
डन

फॉर म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी. एफ हे मी दिलेलं नाव, दर फेरीला त्यात एकेक फाइल येते. एमव्ही म्हणजे हलव किंवा नाव बदल. -एन म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहू नकोस. आणि सुरुवातीचा एको म्हणजे नुसतं बोलून दाखव, करू नकोस. आधी एकोसकट चालवते, पडद्यावर साठ ओळी येतात, त्या डोळ्यांखालून घालते, मग एको काढून परत चालवते.

दुहेरी अवतरणं विसरू नका. आमच्याकडे फोटोंची नावं 'पंप बॉडी ३.जेपीजी' अशी मोकळ्या जागा घालून येतात. अवतरण नसेल तर शेल त्याचे तीन तुकडे करतो आणि एमव्ही गोंधळतो.

आणि कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचं शेपूट मोठ्या अक्षरांत जेपीजी असतं. लहान अक्षरांतल्या ताऱ्याला ती दिसत नाही. शेलला लहान-मोठं अक्षर वेगळं.

---

मूळचा_फुलेवाडीचा · सोमवार, रात्री ११.०५

ताई, ओळ चांगली आहे, पण दोन ठिकाणी जपायला हवं.

एक. एको अवतरणं दाखवत नाही. अवतरण घातलं असलं आणि विसरलं असलं तरी पडद्यावरची ओळ सारखीच दिसते, आणि नेमकी तीच चूक ड्राय रनमधून निसटते. म्हणून ती ओळ फाइलमध्ये ठेवून 'बॅश -एक्स' ने चालवा, एको तसाच ठेवून. मग शेल प्रत्येक ओळ कामाला लावायच्या आधी अधिक चिन्ह लावून छापतो, आणि मोकळ्या जागा असलेली नावं अवतरणात दाखवतो. तुमच्या भाषेत सिंगल ब्लॉकचा डिस्प्ले.

दोन. हीच ओळ चुकून दुसऱ्यांदा चालली तर? नावं 'एच४१७_एच४१७_' होतील. एकच जॉब दोनदा चकमध्ये बांधल्यासारखं. त्यापेक्षा एमव्हीऐवजी सीपी वापरा आणि नव्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत टाका. मूळ फोटो हलतच नाहीत. कितीदाही चालवा, निकाल तोच.

आणखी एक बारीक गोष्ट: फोल्डरमध्ये एकही जेपीजी नसेल तर फॉर शांत बसत नाही. तो तारा जसाच्या तसा एफमध्ये घेऊन एक फेरी मारतो, आणि '*.जेपीजी' नावाची फाइल सापडत नाही अशी एरर येते. 'शॉप्ट -एस नलग्लॉब' ही ओळ वर घातली की ते थांबतं.

---

क्यूसी_उद्यमनगर · सोमवार, रात्री ११.२०

दुसरा मुद्दा मला सुचलाच नव्हता. उद्या सीपी करून टाकते. मनापासून आभार.

---

जुना_टर्नर · मंगळवार, सकाळी ६.४०

माझं वय ६७. तीस वर्षं उद्यमनगरात टर्निंगचा शेड चालवला. नातीने हा धागा वाचायला दिला. तिने मला उभी रेघ | दाखवली, तिला पाइप म्हणतात म्हणे, आणि मी तिला म्हटलं, अगं हे तर आपलं जॉबवर्क!

नवीन पोरांना सांगतो. उद्यमनगरात एका शेडमध्ये सगळं कधीच होत नव्हतं. कास्टिंग फाउंड्रीतून आलं की माझ्याकडे टर्निंग. माझ्याकडून शेजारी ड्रिलिंग. तिथून पलीकडच्या गल्लीत ग्राइंडिंग, मग प्लेटिंग. मला ग्राइंडिंग येत नव्हतं आणि यायची गरज नव्हती. माझं माप बरोबर असलं की पुढच्याचं काम सुरू. पाइपमध्ये तेच. डावीकडच्या कमांडमधून जे बाहेर पडतं ते उजवीकडचीच्या हातात जातं. प्रत्येकीला एकच काम येतं, पण ते चोख येतं.

नातीने दाखवलेलं उदाहरण: एका फाइलमध्ये दिवसभरातल्या रिजेक्शनची कारणं, एका ओळीत एक. ब्लो होल, क्रॅक, शिफ्ट, परत ब्लो होल.

सॉर्ट कारणं.टीएक्सटी | युनिक -सी | सॉर्ट -एनआर

पहिला सॉर्ट सारखी कारणं शेजारी-शेजारी आणतो. युनिक -सी (टाइप करताना शेवटी क्यू, पुढे काही नाही) एकसारख्या लागून आलेल्या ओळी मोजतो. शेवटचा सॉर्ट मोठा आकडा वर घेतो. मी विचारलं, पहिला सॉर्ट काढला तर? तिने काढून दाखवला. ब्लो होल चार ठिकाणी वेगवेगळं मोजलं गेलं, कारण युनिकला फक्त लागून आलेल्या ओळी कळतात. म्हणजे टर्निंग न करता जॉब ग्राइंडिंगला पाठवल्यासारखं. शेडमध्ये ही यादी आम्ही महिन्याच्या शेवटी कागदावर रेघा मारून करायचो. रेघा मोजताना दोन माणसांचे आकडे कधी जुळले नाहीत.

---

गारगोटी_बीएस्सी · मंगळवार, दुपारी १२.५०

काका, आता पाइप जन्मात विसरणार नाही. हे कोणी शोधलं?

---

मूळचा_फुलेवाडीचा · मंगळवार, दुपारी २.१०

थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम सुरू केलं. कमांड एकमेकींना जोडाव्यात ही कल्पना डग मॅकिलरॉय यांची, ते बरेच दिवस तिच्यामागे लागले होते. १९७३ साली थॉम्पसन यांनी पाइप युनिक्समध्ये घातला. १९७९ च्या युनिक्सबरोबर स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. १९८९ साली ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी त्याला पर्याय लिहिला, त्याचं नाव 'बॉर्न-अगेन शेल', म्हणजेच आपला बॅश. १९७९ च्या पद्धतीने लिहिलेली साधी स्क्रिप्ट आजही बहुतेक चालते. म्हणून आत्ता शिकलेलं वाया जाणार नाही.

---

पंचगंगा_नोंदवही · मंगळवार, रात्री ८.३०

मी माध्यमिक शिक्षिका. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मी रोज लिहून ठेवते, २०१९ च्या महापुरापासूनची सवय. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, ओळीत आधी तारीख, मग फूट. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. मला हवं होतं की ३९ किंवा त्याच्या वर गेलेले दिवस तेवढे वेगळे काढावेत. ऑक (ए-डब्ल्यू-के) नावाची कमांड त्यासाठी आहे, ओळीतला दुसरा रकाना तिच्या लेखी $२.

ऑक '$२ >= ३९' पातळी.टीएक्सटी

चालवली आणि सगळेच्या सगळे दिवस बाहेर आले, जूनमधले कोरडे दिवससुद्धा. एरर नाही, काही नाही. दोन दिवस मी डोकं धरून बसले.

कारण सापडलं ते लिहिते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भेटणार आहे. कमांडमधला आकडा मी इंग्रजीत लिहिला होता, पण फाइलमधले सगळे आकडे देवनागरीत होते. ऑकच्या लेखी देवनागरी आकडा हा आकडाच नाही, तो शब्द. मग तो दोघांची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी करतो, आणि देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या नेहमी नंतर येतं. म्हणून प्रत्येक ओळ पास. सॉर्ट -एनला पण देवनागरी आकडे शून्यच वाटतात. उपाय सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडमध्ये आहे. त्याची वाय ही सोय अक्षरागणिक अक्षर बदलते. पहिल्या भागात शून्यापासून नऊपर्यंत मराठी आकडे, दुसऱ्या भागात त्याच क्रमाने इंग्रजी. सेडमधून पाइपने ऑककडे दिलं आणि नेमके दिवस हाती आले. सेडने 'दोन्ही भागांची लांबी सारखी नाही' अशी तक्रार केली तर समजा की तुमच्या टर्मिनलची भाषा-सेटिंग यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) नाही.

त्यातूनच आणखी एक प्रयोग वर्गात केला, मुलांना फार आवडला. 'कोल्हापूर' शब्दात अक्षरं किती? मुलं म्हणाली चार: को, ल्हा, पू, र. प्रिंटएफ या छापायच्या कमांडने हा शब्द डब्ल्यूसी -एम या चिन्हं मोजणाऱ्या कमांडकडे पाठवला तर उत्तर ९. कारण काना, मात्रा, ऊकार आणि हलंत ही वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. डब्ल्यूसी -सी म्हणजे बाइट मोजा म्हटलं तर २७, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. एका मुलाने स्वतःचं नाव घालून बघितलं, मग सगळा वर्ग रांगेत उभा. आपली भाषा यंत्राच्या आत कशी बसलीय हे त्या पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी मोजून बघितलं, याचा मला फार आनंद झाला.

फाइलींची नावं आणि आतला मजकूर मराठीत खुशाल ठेवा. बॅशच्या व्हेरिएबलचं, म्हणजे ताईंच्या एफसारखं आपण ठरवलेलं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच लागतं.

---

कागल_नाका · बुधवार, सकाळी ११.००

मदत हवी. ताईंची फॉरची ओळ मी विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून फाइल केली, वर #! वाली ओळ (फाइल कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी) पण घातली, सीएचमॉड +एक्स करून फाइल चालवायची परवानगी पण दिली. चालवली तर 'बॅड इंटरप्रिटर' आणि शेवटी ^एम असं काहीतरी. फाइल उघडली तर तसलं एकही अक्षर दिसत नाही.

---

मराठी_टंकलेखन · बुधवार, दुपारी ३.४०

मी महाद्वार रोडजवळ टायपिंग शिकलो, मशीनवर, संगणकाच्या आधी. ओळ संपली की डावीकडचा दांडा ओढायचा. त्यात दोन हालचाली व्हायच्या: गाडी मागे सुरुवातीला जायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या दोन्हींची खूण ठेवतं. युनिक्सची मंडळी फक्त कागद सरकवायची खूण ठेवतात. तुमच्या पहिल्या ओळीच्या शेवटी गाडी मागे न्यायची खूण राहिली आणि शेल 'बॅश' ऐवजी 'बॅश-आणि-ती-खूण' नावाचा प्रोग्राम शोधतोय, तो कसा मिळेल? 'डॉस-टू-युनिक्स' ही कमांड टाकून फाइल तिच्यातून काढा, टू म्हणजे इंग्रजी दोनचा आकडा. पुढच्या वेळी नोटपॅडऐवजी टर्मिनलमध्येच नॅनो वापरा. कंट्रोल-ओने जतन, कंट्रोल-एक्सने बाहेर.

---

कागल_नाका · बुधवार, दुपारी ४.०५

झालं! दांड्याचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं.

पण आता दुसरं. हीट = ४१७ असं लिहिलं तर 'कमांड नॉट फाउंड' म्हणतो. आणि अट तपासायच्या इफमध्ये चौकटी कंस लावला तरी तेच.

---

मूळचा_फुलेवाडीचा · बुधवार, रात्री ९.३०

बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंची जागा काढ. जागा असली की शेलला वाटतं 'हीट' नावाची कमांड आहे. चौकटी कंसाचं बरोबर उलटं, तिथे जागा हवीच. कारण [ हे नुसतं चिन्ह नाही, ती खरोखर एक कमांड आहे. कमांड आणि तिच्या पुढचा मजकूर यांत जागा लागते, तशी इथेही.

---

शाहूपुरी_कुंभारगल्ली · गुरुवार, रात्री १०.१५

शिक्षिका बाईंनी महापुराचं लिहिलं म्हणून माझंही लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी आलं. गणपतीच्या मूर्ती वाचवण्यात सगळे गुंतलो होतो, कॉम्प्युटरकडे कोणी बघितलं नाही. दहा वर्षांचे साच्यांचे फोटो आणि गिऱ्हाइकांची यादी एकाच मशीनमध्ये होती, मशीन पाण्यात गेलं. आता रोज रात्री सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवतो आणि दर रविवारी ती डिस्क बहिणीकडे कळंब्याला जाते, उंचावर.

त्यासाठी आरसिंक वापरतो. नवीन किंवा बदललेल्या फाइलीच तेवढ्या नेतो. आणि ताईंना आवडेल, त्याला '--ड्राय-रन' नावाचाच पर्याय आहे! लावला की काय काय नेणार ती यादी दाखवतो, नेत काहीच नाही.

दोन सावधगिऱ्या. मूळ फोल्डरच्या नावापुढे / असेल तर आतल्या फाइली जातात, नसेल तर फोल्डरसकट जातो. ड्राय रनमध्ये हे लगेच दिसतं. आणि '--डिलीट' नवशिक्यांनी लावू नये. इकडे चुकून पुसलं की तिकडचंही पुसतो, मग प्रत ठेवून उपयोग काय?

माझ्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या दोन ओळींनंतर सेट -ईयू आहे. ई म्हणजे एखादी कमांड फसली की बहुतेक ठिकाणी तिथेच थांब. यू म्हणजे न ठरवलेलं नाव वापरलं तर थांब. डिस्क लावायला विसरलो की सीडी फसते आणि पुढचं काही होत नाही. आधी सेट नव्हतं तेव्हा एकदा डिस्क नसतानाही स्क्रिप्ट पुढे गेली आणि मी समजत होतो की प्रत झाली.

---

क्यूसी_उद्यमनगर · शुक्रवार, रात्री ९.००

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या शॉपमध्येही सगळं एकाच मशीनवर आहे. सोमवारी मालकांशी बोलते.

काल काय झालं ते सांगते. दुसऱ्या पाळीला माझ्या जागी एक मुलगा असतो. मी रजेवर असले की हीट नंबरचं काम तसंच पडून राहायचं, कारण माझ्या हातातलं कसब त्याला सांगायचं तरी कसं? 'इथे क्लिक कर, मग तिथे' सांगून तो दुसऱ्या दिवशी विसरायचा. स्क्रिप्टमध्ये आता प्रत्येक ओळीच्या वर # टाकून मराठीत लिहिलंय: ही ओळ काय करते, का करते, काय तपासायचं. # च्या पुढचं शेल वाचत नाही, माणूस वाचतो. अगदी प्रोसेस शीटसारखं. काल मी रजेवर होते. त्याने शीट वाचली, एकोसकट चालवून बघितली, मग खरी चालवली. ६४ फोटो, एकही नंबर चुकला नाही. आणि त्याने स्वतःहून एक ओळ वाढवली: शेवटी एलएस आणि डब्ल्यूसी -एल पाइपने जोडून मूळ फोल्डरात किती फोटो आणि नव्यात किती, हे छापायची. ती मला सुचली नव्हती.

---

गारगोटी_बीएस्सी · शनिवार, दुपारी ४.२०

मंडळी, टर्मक्समध्ये माझी पहिली स्क्रिप्ट चालली. आईच्या बचत गटाची वर्गणी मी मोबाईलवर टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो, ओळीत नाव आणि रुपये. बाईंचं वाचून आकडे आधीच इंग्रजीत लिहिले. ऑकने नाववार बेरीज केली आणि वहीतल्या बेरजेशी ताडून बघितली. एका काकूंचे १०० रुपये जुळेनात. अर्धा तास शोधलं. त्यांचं नाव एका ओळीत 'सुमन' आणि एका ओळीत 'सूमन' होतं.

आता पुढचा प्रश्न: नावं ठरलेल्या यादीतलीच आहेत का, हे स्क्रिप्टने आधी तपासावं असं करायचंय. ग्रेप या ओळी शोधायच्या कमांडने होईल का?

---

मूळचा_फुलेवाडीचा · शनिवार, संध्याकाळी ६.००

होईल. यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेव, एका ओळीत एक नाव. 'ग्रेप -व्हीएक्सएफ -एफ यादी.टीएक्सटी': यातला पहिला एफ मोठा, दुसरा लहान. व्ही म्हणजे न जुळणारी ओळ दाखव, एक्स म्हणजे पूर्ण ओळ जुळली पाहिजे, मोठा एफ म्हणजे नाव जसंच्या तसं घे, लहान एफ म्हणजे नावं पुढच्या फाइलमधून घे. आधी ऑकने पहिला रकाना काढ आणि पाइपने याच्याकडे दे. काहीच छापलं नाही तर सगळी नावं बरोबर. यादीच्या फाइलमध्ये शेवटी रिकामी ओळ राहू देऊ नकोस. करून बघ आणि काय आलं ते इथे टाक.